जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी



मागच्या पावसाळ्यात आमच्या प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एक विषय निघाला. ऑफिसच्या कोपऱ्यात झालरीचं कव्हर घालून ठेवलेला कॉम्प्युटर काढून टाकायचा आणि नवीन घ्यायचा. कॉम्प्युटर २०१३ सालचा. सकाळी बटण दाबायचं, ऑफिस झाडून घ्यायचं, चहा ठेवायचा, पिऊन कप विसळून यायचं, तेव्हा कुठे पडदा जागा व्हायचा. एक पत्र टाइप करून प्रिंट काढायला अर्धा तास. तालुक्याच्या एका दुकानदाराने बघितलं आणि म्हणाला, "ताई, याच्यात आता काही राम नाही. नवीन घ्या, अडतीस हजारात बसवून देतो. हा भंगारात द्या, दोन-तीनशे येतील." ठराव लिहायला वही उघडली होती.

तेवढ्यात आमच्यातल्या एक वयस्कर अक्का म्हणाल्या, "ट्रंक विकताना आतली लुगडी काढून घेतो ना गं आपण? मग याच्या आत आपलं काय काय आहे ते बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. ठराव थांबला. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही त्या कॉम्प्युटरचं काय केलं, ते आज सांगणार आहोत. आम्ही कुणी इंजिनिअर नाही. आमच्यातल्या दोघींचं एमएस-सीआयटी झालंय आणि एकीचा मुलगा आयटीआयला आहे. तो रविवारी यायचा, आम्ही शेजारी बसून बघायचो आणि लिहून घ्यायचो.

आधी कॉम्प्युटर हळू का होतो ते बघू. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. रॅम म्हणजे ओटा. जे आत्ता हाताशी लागतं ते ओट्यावर. हार्ड डिस्क म्हणजे आतल्या खोलीतली कोठी. सगळा साठा तिच्यात. वीज गेली की ओटा पुसला जातो, कोठी तशीच राहते. ओटा लहान असेल तर दर पाच मिनिटांनी आतल्या खोलीत फेऱ्या माराव्या लागतात. आमच्या कॉम्प्युटरचा ओटा होता फक्त २ जीबीचा. आणि कोठीही जुन्या पद्धतीची. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात, त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत माहिती शोधत फिरते. म्हणजे यंत्रच आहे ते, फिरणारं, झिजणारं. हात आमचे चांगले होते. कोअर आय-थ्री, तिसऱ्या पिढीतला. पत्र लिहायला, हिशोबाचा तक्ता करायला, प्रिंट काढायला तेवढं पुष्कळ. अडत होतं ते ओट्यापाशी आणि कोठीपाशी.

आता एसएसडी म्हणून नव्या पद्धतीची कोठी मिळते. तिच्यात फिरणारं काही नाही, पेन ड्राइव्हसारखी चिप असते. ती बसवली की जुन्या कॉम्प्युटरला जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ते एसएसडीवर घाला, असं आम्ही सांगू.

पण प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरवर पैसे घालू नका. डबा उघडल्यावर डिस्कला जोडलेली वायर चार बोटं रुंद, चपटी, रिबिनीसारखी दिसली तर तो फारच जुना, तो सोडा. वायर बोटाएवढी बारीक असेल तर ती सॅटा, मग काम होतं. मोठ्या हिरव्या किंवा निळ्या पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, छोट्या नळकांड्यांची डोकी फुगलेली किंवा फुटलेली दिसली तरी सोडा.

उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हात एकदा डब्याच्या लोखंडाला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. नायलॉनची साडी नेसून आणि सतरंजीवर बसून हे काम करू नये, असं त्या मुलाने सांगितलं तेव्हा आम्ही हसलो, पण खरंच त्या ठिणगीने रॅम जाऊ शकते. आणि ज्यात मुख्य वायर जाते तो मागचा पंख्याचा चौकोनी डबा, एसएमपीएस, तो कधीही उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्याच्या आत झटका शिल्लक असतो.

आमचा डबा अंगणात नेऊन उघडला. आत धुळीची गोधडी आणि एक वाळलेली पाल. रंगकामाच्या ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ केलं. पंख्याला एका बोटाने धरून हवा मारायची, तो गरागरा फिरू द्यायचा नाही. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरने हळूच पुसले. मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२. आमची संपली होती. म्हणूनच कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख चुकीची दाखवायचा आणि बँकेची साइट उघडायची नाही. इतकी वर्षं आम्ही नेटला शिव्या घालत होतो. ती बॅटरी चाळीस रुपयांची.

रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. आमची होती डीडीआर-थ्री. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती यात बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही चालत नाही. डीडीआर-थ्री जुन्या मालातच स्वस्त मिळते. ४ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, आठ दिवसांत बिघडल्या तर बदलून देणार असं बिलावर लिहून घेतलं. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून मिटल्या की पट्टी नीट बसली समजायचं.

यानंतर आम्ही घाई केली असती तर मोठं नुकसान झालं असतं. नवी डिस्क लावण्याआधी जुन्या डिस्कमधलं सगळं काढून घ्यायला हवं, आणि तेही जुना कॉम्प्युटर चालू असतानाच. याचं कारण आपली मराठी अक्षरं. २०१३ ते २०१६ पर्यंतची आमची पत्रं, ठराव, याद्या सगळ्या श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टात टाइप केलेल्या. आज मोबाईलवर आपण लिहितो ते युनिकोड, ते कुठेही वाचता येतं. जुन्या फॉन्टातली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. म्हणून आम्ही जुन्या कॉम्प्युटरवरच एकेक फाइल उघडून तिची पीडीएफ केली. चार दुपारी गेल्या त्यात. शिवाय फॉन्टांच्या फाइलीही एका फोल्डरमध्ये उतरवून घेतल्या, कारण त्या दस्तऐवजाला त्याचा फॉन्ट मिळाला की अक्षरं परत दिसतात.

मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. हे मुद्दाम सांगतो. नवीन सिस्टिम टाकताना जुनी डिस्क जोडलेली ठेवायची नाही. सिस्टिम टाकताना विचारलं जातं की कोणती डिस्क पुसू, आणि तिथे एक बोट चुकलं की दहा वर्षं पुसली गेली.

सिस्टिम कोणती टाकायची यावर आमचा वाद झाला. आमच्याकडे विंडोज १० होती. तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार असं जाहीर झालेलं होतं. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आपला हात तिसऱ्या पिढीतला. दुकानदार म्हणाला, "जुगाड करून टाकून देतो." आम्ही नको म्हटलं. बायकांच्या आधारच्या प्रती ज्यात आहेत तिथे जुगाड नको. लिनक्स मिंट म्हणून मोफत आणि कायदेशीर सिस्टिम आहे, ती टाकली. तिच्यात युनिकोड मराठी टाइप होतं, तक्ते होतात, पीडीएफ होते, बँकेच्या साइट चालतात. आमचा जुना प्रिंटर जोडताच चालू झाला. अंगठ्याचं मशीन मात्र चालेना. टॅली तर त्यावर सरळ चालतच नाही. आमचा हिशोब साध्या तक्त्यावर, म्हणून आम्हाला अडलं नाही. ज्यांचं टॅली आहे त्यांनी आधी विचार करा.

नवी २४० जीबीची एसएसडी आकाराने पत्त्यांच्या जोडाएवढीच. तिला दोन वायरी, दोन्हींची खाच एल आकाराची, उलटी जातच नाही. जोर लावावा लागला तर समजा उलटी धरलीये. बसवलं, सिस्टिम टाकली, बटण दाबलं. चहा ठेवायला उठलेली आमची एक मैत्रीण दारातूनच परत आली.

खर्च असा आला: एसएसडी १,७००, रॅम ११००, बॅटरी ४०, त्या मुलाला पेट्रोलचे म्हणून ३००. तो घेत नव्हता, बळेच दिले. डिस्क बाहेरून जोडायचं एक साधन १,१०० रुपयांचं, त्याचं पुढे सांगतो. एकूण ४,२४०. भाव सारखे खालीवर होतात, तेव्हा हा आकडा घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. यूपीएसची बॅटरीही बदलली, तो खर्च निराळा.

आता हातात उरल्या सुट्या डिस्का. आमची ५०० जीबीची एक, आणि बंद पडलेल्या शिवण केंद्राच्या दोन मेलेल्या कॉम्प्युटरांतून काढलेल्या आणखी दोन, ३२० आणि १६० जीबीच्या. कॉम्प्युटर मेला म्हणून डिस्क मेली असं नसतं. चूल विझली तरी कोठीतलं धान्य राहतंच.

डिस्कची तब्येत आधी तपासायची. विंडोजवर क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो निळ्या रंगात चांगली, पिवळ्यात सावध, लाल रंगात खराब असं दाखवतो. मिंटमध्येही डिस्कची तपासणी करता येते. आमच्या ५०० आणि ३२० चांगल्या निघाल्या. १६० लाल, शिवाय आतून टक् टक् आवाज. टक् टक् करणाऱ्या डिस्कवर काही ठेवायचं नाही. तिच्यात महत्त्वाचं असेल तर ती सारखी चालू-बंद करून बघत बसू नका, तज्ज्ञाकडे द्या. आमच्या १६० मध्ये मशीनच्या कंपनीचे नमुन्याचे फोटोच होते.

चांगल्या दोन डिस्कांचं आम्ही काय केलं? त्या कॉम्प्युटरच्या पोटात परत लावता आल्या असत्या. पण मग वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं तर सगळं एकदमच गेलं असतं. म्हणून त्या बाहेर ठेवल्या. डिस्क जोडायला सॅटा ते यूएसबी असं साधन मिळतं. घेताना बघा, त्याला स्वतःचा ॲडॅप्टर हवा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती उठत नाही. लॅपटॉपची छोटी डिस्क उठते. एकच साधन सगळ्या डिस्कांना चालतं.

दर महिन्याच्या पाच तारखेला, मासिक बैठक झाली की, ऑफिसच्या कॉम्प्युटरमधली सगळी नोंद ५०० वर उतरते. ३२० वर तीन महिन्यांनी. ५०० ची डिस्क ऑफिसच्या लोखंडी कपाटात असते. ३२० ची त्या अक्कांच्या घरी, सात किलोमीटरवर, दुसऱ्या गावात. म्हणजे एसएसडीवर एक, कपाटात एक, अक्कांकडे एक. एक ठिकाण जळालं तरी निदान एक प्रत उरते. नेताना डिस्क टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन जायची. चालू असताना तर तिला धक्काही लावायचा नाही, आतली दांडी तबकडीला घासते आणि खेळ खलास.

कुणी विचारेल, अक्कांकडेही एसएसडीच का नाही ठेवली? एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, तिच्यातली माहिती हळूहळू उडू शकते. असल्या कामाला ही जुनी डिस्कच बरी. तिचं काम आता महिन्यातून एकदा फिरायचं, म्हातारीला तेवढं झेपतं. फक्त सहा महिन्यांनी एकदा त्यातल्या पाच-दहा फाइली उघडून बघायच्या. नुसती ठेवलेली प्रत आणि उघडणारी प्रत या दोन वेगळ्या गोष्टी.

दोन्ही डिस्कांना आम्ही कुलूप घातलंय. मिंटमध्ये डिस्क तयार करतानाच पासवर्ड लावता येतो. तयार करताना ती पुसली जाते, म्हणून एक आधी, त्यात सगळं उतरवून तपासलं, मगच दुसरी. पासवर्ड विसरला तर ती कुणालाच उघडता येत नाही, आणि विंडोजवर ती सरळ उघडतही नाही. तरी आम्ही हेच ठरवलं, कारण आत २०४ सभासदांचे आधार, पासबुकं, सह्या आहेत. पासवर्ड पाकिटात बंद करून रोकड पेटीत ठेवलाय. पेटीची चावी अध्यक्षांकडे, पेटी सचिवांकडे.

आता भंगाराचं. आमच्या भागातल्या एका गटाने कॉम्प्युटर डिस्कसकट विकला. सगळं डिलीट करून दिलं होतं म्हणतात. काही महिन्यांनी त्यातल्या एका बाईंना फोन आला, समोरच्याने तिचं पूर्ण नाव, खात्याचा नंबर, नवऱ्याचं नाव सगळं सांगितलं आणि ओटीपी मागितला. तिने दिला नाही म्हणून वाचली. ते कुठून बाहेर गेलं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, पण त्या गटाची झोप उडाली.

डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नाही. पुस्तकातली अनुक्रमणिका फाडली तरी पानं राहतात, तसं ते आहे. क्विक फॉरमॅटही तसंच. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटसमोरची खूण काढून टाका, मग ती डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहीत जाते. ५०० जीबीला दोन तास तरी लागतात, लागू द्या. हे फिरत्या डिस्कचं झालं, एसएसडीची पद्धत निराळी. आणि जी डिस्क चालतच नाही तिला पुसणार कशी? ती फोडायची.

आमची १६० ची फोडली. झाकणाचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, तसा पाना लागतो. आतल्या तबकड्या ॲल्युमिनियमच्या निघाल्या, आरशासारख्या लख्ख, हातोडीने वाकवल्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये काचेच्या असू शकतात, त्या फुटून उडतात. डोळे सांभाळा, गोणपाटात गुंडाळून मारा, पोरांना लांब ठेवा. उरलेलं गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यायला हवं. तो पट्ट्या जाळून तांबं काढतो, तो धूर आपल्याच गल्लीत.

त्या अक्कांचं राहिलं. जानेवारीत त्यांच्या गटाने नव्या कर्जासाठी अर्ज केला. बँकेतून सांगण्यात आलं की २०१५ सालच्या कर्जापैकी सोळा हजार गटाच्या नावावर थकीत दिसतात, ते आधी भरा. गटाने ते कर्ज २०१८ मध्येच फेडलेलं. बेबाकी दाखलाही घेतला होता, पण फाइल जुन्या शाळेच्या खोलीत ठेवली होती आणि तिचा वाळवीने भुगा केला. बँकेतले साहेब त्यानंतर तीनदा बदललेले. दहा बायका. बाराजणींचा तो गट, दोघी वारल्यात. प्रत्येकीने सोळाशे परत भरायचे, की भांडायचं, यावर दोन बैठका गेल्या. एकीने तर कानातलं मोडायची तयारी केली.

अक्का आल्या, त्यांच्याकडची डिस्क टॉवेलात घेऊन. आम्ही म्हटलं, अहो अक्का, कपाटातली होती ना, तुम्ही कशाला आणली? म्हणाल्या, "असू दे. माझ्या घरातली आहे, मला तिचा भरवसा." जोडली. २०१८ च्या फोल्डरात चौथीच फाइल. दाखल्याचा स्कॅन, जरा तिरका आलेला, पण शिक्का आणि जावक क्रमांक स्पष्ट. प्रिंट काढून अर्जासोबत दिला, पोच घेतली. जावक क्रमांकावरून त्यांच्या रजिस्टरात नोंद सापडली, तीन आठवड्यांनी थकबाकी निघाली आणि मार्चमध्ये नवं कर्ज मिळालं.

त्या फोडलेल्या डिस्कमध्ये दोन लोहचुंबक निघाले, बोटाच्या पेराएवढे, पण एकमेकांना चिकटले की सोडवताना चिमटा बसतो. ते शिवण केंद्रातल्या मुलींनी नेले. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या आता त्यानेच गोळा करतात.